एकशे वीस पावलं

शंभर मीटर म्हणजे एकशे वीस पावलं.
सपाटीवर.
चढ असेल तर दहा वाढव,
पाठीवर कोणी असेल तर मोजूच नको.
दसरू कुमोटी मला हे शिकवत होते
भांडेनाल्याच्या काठी, मार्चात.
मोहफुलं वेचणाऱ्या बायका हसत होत्या,
म्हातारा बापा तरण्या पोराला चालायला शिकवतो म्हणून.

माझ्या हातात वही. दर शंभराला एक रेघ.
त्यांच्या डाव्या पायाला तीन बोटं.
दोन एकाहत्तर साली
जेसोरकडच्या कुठल्याशा बांधीत राहिली.
विचारलं तर एवढंच सांगत :
"धान उभा होता रे. कापनीले आलेला.
आपल्या लुचईवानीच लोंब्या.
त्याच्यावरून चालवलं आमाले."
सुरुंगाचं मी नंतर कागदावर वाचलं.

पदक आलं तेव्हा ते ठेवायचं कुठं, हे बायकोला कळेना.
तिनं बियाण्याच्या टोपलीत टाकलं.
पुढं नातीनं ते वासराच्या गळ्यात बांधलं,
वाजत नाही म्हणून सोडलं.

पेन्शनीवर आले त्याच वर्षी
नांगराच्या इसाडासाठी त्यांनी एक धावडा तोडला,
आज्यानं जिथून तोडला होता तिथूनच.
वनरक्षकानं पावती फाडली.
नाव : कुमोटी. गुन्हा : सरकारी जंगलात शिरला.
ती पावती त्यांनी फौजेच्या डिस्चार्ज बुकात घडी करून ठेवली.
दोन्हींवरचा शिक्का जांभळा,
दोन्हींवर सही वाचता येत नाही.

मग कायदा आला. गावानं जंगलाचा दावा टाकला.
कचेरी म्हणाली, नकाशा जोडा.
मोजणीवाला सोमवारी येणार होता,
कुठल्या सोमवारी ते कोणी सांगितलं नाही.
काकांनी बूट काढले पेटीतून, बूट उंदरांनी खाल्लेले,
तसेच अनवाणी निघाले.

एकोणीस दिवस.
पुरख्यांच्या उभ्या दगडांपाशी थांबायचे,
तंबाखूची चिमूट ठेवायचे,
तेवढ्यात आकडा विसरायचे
आणि मागच्या खुणेपर्यंत परत जायचे.
मी म्हणालो, अंदाजे लिहू का?
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
की मी वहीतली आधीचीही एक रेघ खोडली.
ती अंदाजे होती.

सव्वीस जानेवारीला कोरचीत शाल, नारळ, खुर्ची.
"दोन मिनिटं बोला, आजोबा. लढाईचं सांगा मुलांना."
त्यांनी खिशातून कागद काढला.
दावा क्रमांक सात, बिरसो उसेंडी, विधवा, अडीच एकर, प्रलंबित.
दावा क्रमांक आठ, मंगरू होळी, पावणेदोन एकर, प्रलंबित.
बत्तीसपर्यंत आले आणि माईक बंद पडला.
पडला की पाडला, मला माहीत नाही.
तेहतीस त्यांनी परेडच्या आवाजात म्हटलं.
मैदानापलीकडच्या टपरीवाल्यानं गॅस कमी केला.

नंतर साहेबांनी आत बोलावलं, चहा दिला.
"तुम्ही सैनिक. तुमचा एकट्याचा पट्टा उद्या काढून देतो."
"साहेब, कंपनी मागं टाकून जो येते,
त्याले फौजेत काय म्हनतेत, ठाव हाये?"
साहेब गप्प.
काकांनी बशीतला चहा मात्र शेवटपर्यंत प्यायला.
साखर बरी होती, म्हणाले, बाहेर आल्यावर.

पट्टा आला आठ वर्षांनी.
आमच्या मोजणीपेक्षा चाळीस हेक्टर कमी.
ते खाटेवर होते. मी आकडा वाचला.
बराच वेळ डोळे मिटलेले; मला वाटलं झोपले.
"नाल्याच्या वळनावर चुकले थे लोक.
तिथं चढ हाये."

या माघात आम्ही त्या वळणावर पुन्हा उभे,
मी, वही, आणि त्यांची नात सुनकी,
वासराला पदक बांधणारी.
खाली वाळलेला पाला, चालताना मोठ्यानं वाजतो.
मी सांगितलं, एकशे तीस धर, चढ आहे.
तिनं चपला काढल्या, साठपर्यंत मोजलं आणि थांबली.
"दादा, माझी पावलं लहान आहेत.
माझ्या पावलांनी किती धरायचे?"