काडेपेटी

कॉलेजातून आणली मी काडेपेटी.
आत भुसा, भुशात माश्यांचे कोष,
तांबूस, गव्हाहून बारीक.
आण्णा म्हणाले, "आणि माश्याच आणल्यास व्हय गं?
हितं कमी पडल्यात?"

वडणग्याचा गोठा, सात म्हशी,
शेपटीचे फटके चरवीपर्यंत.
फवारणीचा पंप माळ्यावर तसाच.
पाणी गाळून पिणारा माणूस
विषाची नळी धरणार कुणावर?

"माशी न्हाई ह्यात. माशीच्या घरात दुसरीच कोणतरी.
मुंगीपेक्षा बारकी, काळी. आपल्याला चावत न्हाई."
ती शेणाच्या कडेनं उतरते,
मिशांनी कोष ठोकून बघते
रंकाळ्यावर कलिंगड पारखतात तसा,
आणि आत एक अंडं ठेवते.
पुढचं आतल्या आत होतं.

आण्णा बराच वेळ गप्प.
"म्हंजे मी मारत न्हाई.
तूबी न्हाई.
मारती ती. आणि तिला आणलीस तू."
उरलेलं त्यांनी वैरणीबरोबर
जिनमतीच्या दावणीत टाकलं.

पाचव्या आठवड्यात पोपडा उकरून
मी कोष तळहातावर घेतले.
माशी निघाली की टोपण उडतं.
हिची खूण निराळी,
दाभणानं टोचल्यागत एक गोल भोक.
चाळिसातले एकतीस.

म्हशी रवंथ करत होत्या,
शेपट्या नुसत्या लोंबत.
गंगावेशीच्या कट्ट्यावर जायचं दूध
फेसासकट पांढरं.

दिवस बुडायच्या आत जेवून
आण्णा उठले, चूळ भरली,
माझ्याकडं न बघता म्हणाले,
"पुढल्या खेपेला पेटी तूच उघड.
मी तवर वैरणीला जाऊन येतो."