वरून तिसरं बटन

पस्तिसास एक.
साडेपाच फुटांचा माणूस या मापात
माझ्या करंगळीहून आखूड भरतो.

मंगफमध्ये, चौथ्या मजल्यावर, शुक्रवारी
बिर्याणीची झोप बिल्डिंगभर पसरली की
मी चौकटीतून रणगाडा सोडवायला घेतो.
चाकं, झाकणं, पट्ट्याच्या एकशे ऐंशी कड्या;
एकेक कडी कटरने तोडायची, कानशीने घासायची.
प्लॅस्टिकचा कीस बनियनला चिकटतो
आणि बायको व्हिडिओ कॉलवर विचारते,
नारळ खवताय का?

आधी काळा हात, मग गंजाचा.
त्यावर केसांचा स्प्रे, त्यावर वाळूचा पिवळा,
आणि तो सुकला की ओल्या ब्रशने
तोच पिवळा परत खरवडायचा.
नवी वस्तू जुनी करायला दोन महिने गेले.
साइटवर मला एका उन्हाळ्यात जमलं होतं.

वाळू मात्र फसली.
कबदच्या रस्त्यावरून डबाभर आणली, अस्सल,
गोंदावर पसरली, पाहतो तर
एकेक कण धोंड्याएवढा.
शेवटी तोज येऊन गेल्यावर
एसीची जाळी झटकली वर्तमानपत्रावर.
ती पिठूळ धूळ. ती बरोबर बसली.

हमदुले चाचा पॅन्ट द्यायला वर आले.
राजापूरचे. खाली गल्लीत शिलाईचं दुकान,
नव्वद सालीही तिथेच होतं.
चष्मा कपाळावर; मोतीबिंदूचं ऑपरेशन
गावी गेल्यावर करणार आहेत, तीन वर्षं झाली.
टेबलाकडे बघून काही बोलले नाहीत.
चहा निम्मा झाला.

"ह्यो आमच्या खुबूजवाल्यासमोर उभा होता.
तोंड भट्टीकडं. नळीवर मोजे वाळत घातलेले."

मी वहीत लिहिलं: मोजे.

"त्यातला एक पोरगा दुकानात शिरला.
मी म्हटलं, संपलं, आता मशीन नेतो नाहीतर मला.
त्यानं शर्ट काढला आणि बोट ठेवलं.
बटन तुटलेला.
खाकी बटन सगळे त्यांच्याच लोकांनी नेलेले.
मी सफेद लावला.
पैसे काढले त्यानं, दोन देशांचे,
कुठले चालतात ते त्यालाच ठाऊक नाय.
दोन दिवसांनी रस्ता मोकळा."

नाव काय होतं?

"नाव कोण विचारतो. छाती चौतीस."

ते गेल्यावर मी डब्यातला अधिकारी बाहेर काढला.
हात उगारून पुढे दाखवणारा.
पुढे कुठे, ते डब्यावरच्या चित्रातही नाही.
हात खांद्यातून कापला,
मेणबत्तीवर कोपरात वाकवला,
पंज्यात खुबूज दिली: चहाच्या पिशवीचा कागद,
कडेने जरासा करपवलेला.
बूट काढून चपला घातल्या.
पायाजवळ हेल्मेट उपडं ठेवलं.
मोजे टिश्यूचे, एक थोडा मोठा झाला.

मग भिंग, श्वास धरून, शिवणाची सुई
पांढऱ्या रंगात टेकवून छातीवर.
हात थरथरला, पुसलं.
पुन्हा.
चौथ्या वेळी ठिपका ठिपक्यासारखा बसला
आणि समोरच्या मशिदीत अजान झाली.

शुक्रवारी चाचांना बोलावलं.
त्यांनी डोळे बारीक केले, मान कलती केली,
खिडकीकडे नेऊन फिरवलं.
रणगाडा दिसला असावा. पोरगा दिसला असावा.
बटन या डोळ्यांना दिसणं शक्य नव्हतं,
म्हणून मीच म्हणालो,
चाचा, लावलाय बरं का. सफेद.

"कितवा?"

वरून दुसरा.

त्यांनी स्वतःच्या शर्टावर हात नेला,
गळ्यापासून बोटांनी मोजत खाली आले,
थांबले.
"तिसरा रे. पोटाजवळचा दुसऱ्या धाग्यानं शिवलेला,
बहुतेक त्याच्या आईनं. त्याच्या वरचा."

पॅन्टचे अडीचशे फिल्स टेबलावर राहिले होते,
ते उचलून गेले.

मी टर्पेंटाइनची बाटली उघडली.
बाहेर आकाश तांबूस होत होतं,
सिक्युरिटीवाला खालून ओरडत होता,
खिडक्या लावा.
मी एक उघडी ठेवली.