चौथा आठवडा

टिपरचं टायर अजून तांबडं आहे.
कितीही धुवा, खाणीची ती धूळ
तळहाताच्या रेषांत जाऊन बसते
आणि आई म्हणते,
बापाचे हात आले गो तुला.

बाबाचा टिपर आठ वर्षं उभा होता
पाळीच्या वळणावर, माडाखाली.
मग भंगारात गेला. दोन टायर राहिले.
एकात आईनं अळू लावलं.
दुसरं मी पहाटे साडेपाचला
उलथवते. दहा वेळा. तीन फेऱ्या.
मध्ये नव्वद सेकंद.

नव्वद म्हणजे नव्वद.
हवालदार झिलू गावस घड्याळ बघत नाहीत,
ओठांत मोजतात,
उजवा गुडघा सरळ ठेवून, दगडावर बसून.
टाच टेक, म्हणतात.
पाठ बघ. श्वास कुठे गेला?
परत.
एवढीच त्यांची भाषा,
आणि एक दोनशे पानी वही:
वार, वजन, फेऱ्या, भूक, झोप.

झोपेच्या रकान्यात आग्नेल खोटं लिहितो.
सात तास, रोज सात तास,
आणि येतो तेव्हा त्याच्या कानामागे मैदा असतो.
साखळीला मामाच्या भट्टीवर
दोन वाजता पीठ मळून
हा पोरगा संध्याकाळी लेफ्ट विंगला धावतो,
सत्तराव्या मिनिटाला त्याच्या पोटऱ्या वळतात,
आणि तो बुटांना दोष देतो.

आज सोमवार. वहीत हवालदारांनी
सगळ्या आकड्यांच्या पुढे एकच शब्द लिहिला:
अर्धं.
पाच वेळा टायर. दोन फेऱ्या. पळणं नाही, चालणं.
मी म्हटलं, भरतीला चौतीस दिवस राहिले.
मी म्हटलं, गेल्या वर्षी सोळाशे मीटरला
चार सेकंद, फक्त चार,
आणि तुम्ही मला चालायला सांगता?

त्यांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली.
स्नायू कामात फाटतो, म्हणाले,
शिवला जातो नंतर.
मग बराच वेळ काही नाही.
काजूच्या बोंडांचा आंबूस वास येत होता.
मग म्हणाले,
वर, चौकीवर, एका वर्षी
मी चौथा आठवडा दिला नव्हता पोरांना.

पुढचं मी विचारलं नाही.
आग्नेलनेही नाही,
जो सगळंच विचारतो.

मी पाच वेळा उलथवलं आणि बसले त्याच टायरावर.
खाली बंद खाणीचं पाणी हिरवं,
त्यात बेंच उतरत गेलेले, पायऱ्यांसारखे,
कुठल्या देवळाला नाहीत इतक्या.
हातांना काही करायचं नव्हतं.
ते मांडीवर पडून थरथरत होते,
मग थांबले.
हे थांबणं मला कधी ऐकू आलं नव्हतं.

आग्नेलनं वही ओढली,
सात खोडून लिहिलं: साडेतीन.
हवालदारांनी वाचलं. पेन्सिल कानावर ठेवली.
त्याच्यासाठी पाचवा आठवडाही अर्धा केला,
आणि मामाचा फोन नंबर मागितला.

बाबा चहाची किटली घेऊन आला तेव्हा उजाडलं होतं.
टायरापाशी वाकला,
अंगठा खाचेत घालून नक्षी दाबली,
फेरी सुटायच्या आधी दाबायचा तसा.
कितलें वजन गो हें?
पासष्ट किलो, मी म्हटलं, तुम्ही दहा घेऊन फिरत होता.
तो हसला. किटली खाली ठेवली. वाकला.

टाच, हवालदार म्हणाले.
त्यानं टाच टेकली.
टायर छातीपर्यंत आलं, अडलं,
लुंगीची गाठ सुटायला आली,
आग्नेल धावणार होता, मी त्याचा हात धरला,
आणि ते धप्पकन पलीकडे पडलं,
तांबडी धूळ आमच्या चहात.

बाबा पुन्हा वाकायला लागला.
हवालदारांनी हात वर केला.
बसा.
आठ वर्षं बसलोच होतो, बाबा म्हणाला.
ते वेगळं, हवालदार म्हणाले,
तेव्हा कुणी मोजत नव्हतं,
आणि ओठांत सुरू झाले:
एक. दोन.