दर्या नसलेलं पुस्तक

दुपारी पाऊण वाजता, मी शटर अर्ध्यावर ओढत असताना
ती पायरीशी उभी होती, रिकामी पाटी काखेत.
बाहेरच्या नळावर तिने हात धुतले होते,
मग वास घेऊन पुन्हा धुतले.
"पाटी भायर ठेवतंय," म्हणाली. "मी आत येव?"

देवगडच्या बंदरावर, ह्या दोन खोल्यांच्या वाचनालयात
चौदा वर्षं मी पावत्या फाडतो आहे.
तिच्याकडून बांगडे घेतलेत, उधारीवरसुद्धा.
पण पूर्ण नाव कळलं ते फॉर्म भरताना:
द्वारका भिकाजी कोयंडे.
व्यवसाय? "तुमका म्हायत आसा."
शिक्षण? "चौथी."
मग थोडं थांबून, "चौथीतल्या दिवाळीपर्यंत."

अनामत दोनशे. कमरेच्या बटव्यातून
दहाच्या ओल्या नोटा निघाल्या, एकमेकींना चिकटलेल्या.
त्या मी टेबलावर पंख्याखाली वाळत घातल्या,
दोघांनाही बोंबील आठवले, दोघंही हसलो.
एका सभासदाची शिफारस लागते, म्हणालो.
गेली, आणि दहा मिनिटांत परत:
निवृत्त तलाठी पेडणेकरांची लफ्फेदार सही,
खाली सभासद क्रमांक एक्केचाळीस.
"गणपतीपासून सरंग्याचे पैशे रवले हत त्येंच्याकडे,"
एवढंच सांगितलं.

गिऱ्हाईक माशाचा कल्ला उचलून बघतं
तशी तिने एका पुस्तकाची कड उचलली,
आत बघितलं, सोडून दिली.
"ज्यात दर्यो नाय, असला एखादा द्या."

का, ते मी विचारलं नाही.
आमच्या नोंदवहीत त्यासाठी रकाना नाही.

दिलं एक, वाळवंटातल्या उंटवाल्यांचं, मोठ्या टायपातलं.
तीन आठवड्यांनी आलं. दोन दिवस उशीर, दंड एक रुपया.
पान सत्तेचाळीसमध्ये खूण म्हणून माशाचा खवला.
"हयसर आसा," तिने बोट ठेवलं.
वाचलं मी: समोर वाळूचा अथांग समुद्र पसरला होता.

मग हिमालय दिला. सतरा हजार फुटांवर
गिर्यारोहकाला खडकात दगड झालेला शिंपला सापडला होता.
पान एकशे बारा, खवला.
मग पाककृती, त्याही शाकाहारी.
जवळजवळ प्रत्येक पानावर: मीठ चवीपुरते.
"मीठ काय झाडार लागता?"
इतके खवले तिच्याकडे असणारच.

सूचनावहीत पेडणेकरांनी लिहिलं:
पुस्तकांना मासळीचा वास येतो, योग्य ती कार्यवाही व्हावी.
मी खाली लाल शाईने:
सदर सभासदाची शिफारस क्र. ४१ यांनीच केली आहे.
पुढच्या गुरुवारी ते आले, रुमालात जपून खवला घेऊन.
मला वाटलं, आता पुरावा मांडणार.
पण ते विचारत होते, हा कुठल्या पानावर होता हो?
चष्मा पुसून त्यांनी ते पान दोनदा वाचलं,
खवला आत ठेवला आणि पुस्तक घरी नेलं.
ऐकलं की सरंग्याचे पैसेही दिले. खरं-खोटं माहीत नाही.

मी मात्र हट्टाला पेटलो होतो.
रात्री जेवताना कपाटं आठवायचो, एकेक फळी.
शेवटी बायको म्हणाली, गणित द्या की.
सातवीचं, जुनं, पाठीवर कसरीची भोकं.
ते घेऊन द्वारकाबाई दुसऱ्याच दिवशी हजर.
उदाहरण एकोणीस:
एक नाव प्रवाहाविरुद्ध ताशी चार किलोमीटर वेगाने जाते...

"अहो, पण ही नदी आहे!" मी जवळजवळ ओरडलोच.
वाचनकक्षातली दोन वर्तमानपत्रं खाली झाली.

तिने पुस्तक मिटलं. हात कोरडा होता.
"नी नय खंय जाता?"

नंतर ती स्वतःच कपाटाकडे गेली.
खालच्या फळीवरून, वाकून, एक पुस्तक काढलं
आणि पदराखाली धरूनच टेबलाशी आली.
मी नाव बघितलं नाही.
पाठीवरचा क्रमांक तेवढा उतरवून घेतला, तारखेचा शिक्का मारला,
आणि शाई वाळेपर्यंत ते उघडंच ठेवायला सांगितलं.