डोळा बांधणे

वरुडच्या कॉलेजात, मागच्या अंगाला,
जिथे पूर्वी सायकली ठेवत, तिथे आमची लॅब.
एप्रिल. बाहेर बेचाळीस.
आत वॉटरबाथही बेचाळिसावर लावलेला.
उकंडराव म्हणाले, मॅडम, काहून वीज जाळता,
नळ्या खिडकीत ठेवा ना.

रक्त त्यांचंच. सही केली, बाही वर केली,
घ्या, पन पुरलं पाह्यजे.
दहा मिली. त्यातून पांढऱ्या पेशी,
त्यांतून टी पेशी.
टी म्हटल्यावर हसले:
टी तं आमाले पाठ हाय.
वीस वर्षं शेंदुरजन्याच्या नर्सरीत
जंबेरीच्या सालीवर टीच कापत होतो.
चिरेत संत्र्याचा डोळा सरकवा,
पट्टी आवळा, मंग वरचा शेंडा छाटा.
खोड एकाचं, फळ दुसऱ्याचं.

मग समजावणं सोपं झालं.
या पेशीच्या अंगावर एक प्रथिन उभं असतं,
आल्यागेल्याला चाचपून विचारतं,
कोनाचा व्हय रे बाप्पा तू?
त्या प्रश्नाचा जीन काढायचा,
प्लास्मिडचं कडं एका जागी कापायचं,
डोळा बसवायचा, लायगेजने शिवायचं,
बॅक्टेरियाच्या खोडावर वाढवायचं.

बर्फ रसवंतीतून आणला.
नळ्या बर्फात, नव्वद सेकंद उष्णात, परत बर्फात.
ते घड्याळाकडे न बघता मोजत होते,
नुसते ओठ हलत होते.

पहिल्यांदा काहीच उगवलं नाही.
दुसऱ्यांदा रात्री लाइन गेली, इन्क्युबेटर बंद.
तिसऱ्यांदा प्लेटवर अकरा पांढरे ठिपके,
मोहरीएवढेही नाहीत.
उकंडराव वाकून बघत राहिले.
यातला मी कोनता?
तपासल्याशिवाय सांगता येत नाही, म्हणाले मी.
सातव्यात निघाले.

जूनमध्ये हैदराबादहून सिक्वेन्स आला.
छापील नोंदीशी जुळवत गेले, एका जागी अडले:
तिथे सी हवा, यांच्यात टी.
आपली चूक समजून पुन्हा सगळं केलं,
पुन्हा रक्तापासून.
टीच.
प्रथिन बदलत नाही त्याने, अर्थ तोच राहतो.
त्यांना एवढंच सांगितलं,
तुमचं एक अक्षर वेगळं आहे.

ते बीकर धूत होते, धूतच राहिले.
मास्तरही तेच म्हने,
दरसाल अक्षराचे मार्क कापे.

नळ बंद केला. हात शर्टाला पुसले.
मंग, लिहिलं का तुमी जसंच्या तसं?
का त्याइच्यासारखं करून टाकलं?