शेऱ्याचा रकाना

वहीत पाच रकाने आहेत:
तारीख, नाव, इयत्ता, काय केलं, शेरा.
शेरा पिंटो सर लिहितात.
माझं काम चौथ्या रकान्यापर्यंत.

सोमवारी लिहिलं,
ओजस घाडगे, तिसरी ब,
मृण्मयी सबनीसला खिडकीच्या सीटवरून ओढलं.
मंगळवारी, तिचा डबा मागे भिरकावला.
बसभर पोहे.
(ते मी झाडले. त्याला रकाना नाही.)
बुधवारी एकच शब्द:
चावला.

बुधवारी दुपारी घणसोलीत, सोसायटीच्या गेटशी
मृण्मयीची आई उभी. मोबाईल आधीच सुरू.
लेकीची बाही वर करून
तिने मला दात मोजायला लावले.
सहा होते. मधे एक जागा मोकळी,
पडलेल्या दाताची.
"बसमध्ये तुम्ही झोपता का?"
नाही ताई.
"मग बघता काय?"
ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
पंचेचाळीस मुलं बघते. म्हणजे
पंचेचाळीस डोकी मोजते,
चढताना एकदा, उतरताना एकदा.

दोन स्टॉप पुढे ओजसची आई,
रिक्षातून उतरली, गळ्यात ऑफिसचा पट्टा तसाच.
"माझा मुलगा असा नाही.
त्या मुलीनेच काही केलं असणार."
मी मान हलवली. मान हलवण्याचाच पगार आहे.
मग त्याचं दप्तर खांद्याला लावत
ती हळूच म्हणाली,
"घरी तर तो बोलतसुद्धा नाही हो."

रात्री ग्रुपवर चौसष्ट मेसेज.
कॅमेरा लावा. काढून टाका. कोणाला, ते लिहिलं नव्हतं.

गुरुवारी त्याच्या मागच्या सीटवर बसले.
नाल्यावरचा पूल ओलांडला
आणि हा मृण्मयीच्या अंगावरून खिडकीशी.
मी हात धरायला उठले, तशीच राहिले.
डावीकडे पिवळी बिल्डिंग. दुसरा मजला.
एक माणूस दोरीवर टॉवेल वाळत घालत होता,
एकच टॉवेल, एकच शर्ट,
चिमटे लावायची सवय नसलेले हात.
कान तसेच, बाहेर आलेले.
ओजसचं नाक काचेला चिकटलेलं.
हाक नाही, हात वर नाही.
माणसाने खाली पाहिलंच नाही.
बस पुढे गेली.
काचेवर वाफेचा एक गोळा उरला,
तो त्याने बाहीने पुसला,
कोणी विचारण्याआधी.

चौथा रकाना बोटभर रुंद आहे.
त्यात चावला मावतं.
हे कुठे लिहू?

पिंटो सरांना म्हटलं, शिक्षा करा त्याला.
दारामागची पहिली सीट, डावीकडची,
माझ्या शेजारी, वर्षभर.
सर खूश. शेरा झाला: कडक कारवाई.
मृण्मयीच्या आईने अंगठा पाठवला,
खाली लिहिलं, आता ताब्यात ठेवा.

मृण्मयीचं मात्र मनातून जात नाही.
तिच्या हातावरचे डाग खोटे नव्हते,
शनिवारपर्यंत निळे होते.
तिला कोणी काही सांगितलं नाही,
मीही नाही.
चिंचेची एक गोळी दिली. नियमात बसत नाही.
ती म्हणाली, "मावशी, त्यालाच का पुढची सीट?"
मी म्हटलं, शिक्षा आहे.
तिने माझ्याकडे असं पाहिलं
की मीच डोकी मोजायला उठले.

बाळू तांडेल बस चालवतो. बोलत नाही फारसा.
त्याला मी काही बोलले नव्हते.
तिसऱ्या दिवशी पुलापलीकडे
त्याने गिअर उतरवला, आपणहून,
आरशात माझ्याकडे पाहिलं,
मग रस्त्याकडे.

आता ॲपवर बस रोज दोन मिनिटं उशिरा दिसते.
ग्रुपवर विचारतात, कारण काय?
मी एका बोटाने टाईप करते:
सिग्नल.

त्या पुलापाशी सिग्नल नाही.