झाड, प्रमाण एकास दोनशे

हडपसरच्या गाडीतळावर बस बदलताना
मेथीची एक जुडी घेतली होती,
ती आत नेता येत नाही म्हणाले.
मग तिला कुलपाचा कप्पा मिळाला, चौदा नंबर,
आणि मला ज्येष्ठ नागरिकाचं अर्धं तिकीट.

पूर्वी इथे पुठ्ठ्याची खोकी व्हायची.
आता भिंती इतक्या पांढऱ्या की
चप्पल वाजली तरी
आपण काहीतरी बोलून गेलो असं वाटतं.

पहिल्या दालनात लाल कॅनव्हास, दारापेक्षा मोठा.
नाव : शीर्षकहीन सात.
आधीची सहा कुठे असतील, असा विचार करत
मी समोर बराच वेळ बसले. बाक चांगला होता.
हळूहळू त्या लालात एक तपकिरी दिसू लागलं,
कुकरचा चटका आठवड्याने दिसतो, तसं.

पुढे फोटो.
सायकलला आरसा बांधून लकडी पुलावरून निघालेला माणूस,
सन चौऱ्याहत्तर, छायाचित्रकार अज्ञात.
आरशात आभाळ आहे, विजेच्या तारा आहेत,
माणसाचा चेहरा आरशामागे राहिला.
तोही अज्ञातच, पण तसं कुठे लिहिलेलं नाही.

वरच्या मजल्यावर वास्तुकला.
काचेआड, मागून दिवा लावलेलं
एक ट्रेसिंग : कामगार वसाहत, पिंपरी, १९७८.
मला आधी वास आला.
काचेतून कसा येईल, पण आला, अमोनियाचा,
आमच्या ऑफिसातल्या प्रिंटच्या खोलीचा,
जिथून होनप डोळे चोळत बाहेर यायचा.
मग दिसला उत्तरेचा बाण.
बाणाला तसं शेपूट फक्त मी काढायची.

खाली केळवकर साहेबांची सही, ऐसपैस.
कोपऱ्यातल्या चौकटीत, मुंगीएवढं :
रेखन, प्र. ढ.

मी पुढे वाकले.
"मॅडम, रेषेच्या मागे."
जमिनीवर पिवळी पट्टी होती.
एकतीस वर्षं रेषेच्या मागेच होते रे, म्हणणार होते,
पण त्याच्या खिशावर नाव होतं, शेलार,
आणि त्याची ड्यूटी चालू होती.

नकाशात चौकाच्या मधोमध एक झाड आहे.
पाटीवर लिहिलंय :
वास्तुरचनाकाराचे निसर्गभान येथे विशेष जाणवते.

ते झाड म्हणजे शाईचा थेंब.
शनिवारी संध्याकाळी साडेसहाला पेन ओकलं.
ब्लेडने खरवडलं तर कागद विरला,
मग त्याभोवती कंपासने गोल काढला, पानं भरली.
सोमवारी साहेब म्हणाले, हे काय?
म्हटलं, झाड.
म्हणाले, बरं.

कंत्राटदाराने नकाशाबरहुकूम खड्डा खणला.
पुढे एकदा भाचीच्या सासरी जाताना
वाकडी वाट करून पाहून आले :
देशी बदाम, दोन मजले उंच,
खाली कुणी स्कूटर उघडून बसलेला,
एकेक नट लाल पानावर मांडलेला.
वसाहत पाडली, असं पाटीच सांगते.
झाडाचं काही सांगत नाही.

हे सगळं मी शेलारला सांगितलं. का, कोण जाणे.
इकडेतिकडे बघून त्याने पट्टी ओलांडली,
काचेला नाक लावलं.
"खरवडलेलं दिसतंय की," म्हणाला,
"तिथनं उजेड जास्त येतोय."

खाली येऊन टोकन दिलं.
मेथीने मान टाकली होती.
पाण्यात ठेवली की येते वर.